प्रश्न चौथा, एक गुण

'एक किलो कापूस जड की एक किलो लोखंड?'
सव्वीस पोरांनी लिहिलं, लोखंड.
चौघांनी लिहिलं, दोन्ही सारखे
(त्यातले तिघे एकाच बाकावरचे).
आणि रेशमा मडावीनं लिहिलं, कापूस.
खाली, कुणी विचारलं नसताना, कारण:
'मी दोन्ही उचलून पाहिले आहे.'

मी लाल पेनानं काट मारली.
इतकी वर्षं मारत आलो तशीच, हात न थांबवता.

दुसऱ्या दिवशी फळ्यापाशी उभं राहून समजावलं:
किलो म्हणजे किलो.
लोखंड आपलं वजन मुठीत धरून बसतं,
कापूस तेवढंच वजन खोलीभर पसरून ठेवतो.
डोळा आकार बघतो, काटा बघत नाही.
पोरांनी माना डोलावल्या.
रेशमा म्हणाली, "सर, गाठोडं डोक्शावर घेऊन
कन्हाळगावच्या पांदनीनं चालले का तुमी कधी?
वारा सुटला का मांगं ओढते थे.
लोखंड नाही ओढत."
तो वारा ओढतो, मी म्हणालो, वजन नाही.
"मानेले काय समजते जी, कोन ओढून राह्यलं?"
वर्ग हसला. मीही. घंटा झाली.

शनिवारी शाळा सकाळची.
दुपारी जिनिंगवर गेलो उदेभान कोहळेकडे.
मापारी आहे तो. बटणांचा काटा आल्यापासून
जुना दांडीकाटा टिनाच्या शेडमध्ये टांगलेला असतो,
पण तेल रोज त्यालाच.
गंमत म्हणून रेशमाचं उत्तर सांगितलं.
तो हसला नाही.
"पहाटे दव धरते तवा कापूस जड, दुपारी हलका.
दार उघडं ठेवलं का दांडी डुलते.
आपला काटा हवेत उभा हाये मास्तर.
बिनहवेचा काटा पाह्यला का तुमी?"

बिनहवेचा.
परतताना नाल्याच्या पुलावर गाडी थांबवली.
विहिरीत उतरलं की अंग हलकं होतं,
बाजूला सारलेलं पाणी आपल्याला वर ढकलतं,
हे मी दरवर्षी शिकवतो, बादली घेऊन.
आपण हवेच्याही विहिरीत आहोत, पार तळाशी,
हे मात्र एका ओळीत उरकतो.

रात्री वही काढली.
बोंडातल्या पोकळीची हवा धरायची नाही,
ती बाहेरचीच, येते-जाते.
धरायचे नुसते तंतू, आणि सरकी.
तरीही ते लोखंडाहून जास्त जागा अडवतात,
जास्त हवा सारतात,
हवा त्यांना थोडं जास्त उचलून धरते.
म्हणजे दांडी सरळ दिसते तेव्हा
कापसाच्या पारड्यात खरं तर अधिक असतं.
किलोमागे पाऊण ग्रॅम, थोडं वर-खाली.
हवा काढून घ्या, दांडी कापसाकडे कलेल.
मध्ये लाइट गेली. मोबाइलच्या उजेडात पुन्हा केलं.
तेच आलं.

सोमवारी सगळ्यांसमोर काट खोडली,
अर्धा गुण दिला.
"अर्धाच काऊन?"
उत्तर बरोबर, कारण चूक.
"कारन खरं हाये जी. उचललंच हाये म्या."

ज्या चौघांनी 'सारखे' लिहिलं होतं ते घाबरले,
आता आमचा गुण जाणार का?
नाही, म्हणालो. काट्यावर दोन्ही सारखेच.
"आन् बिनकाट्याचे?" मागून कुणीतरी.

रेशमा तोवर बोटं मोडत होती.
"क्विंटलले किती होते, सर?"
ऐंशी ग्रॅमच्या आसपास.
"म्हंजे ओंजळभर."
तिनं दोन्ही हात जोडून तेवढी जागा केली,
वेचणीनं बोटांची टोकं खरचटलेली,
आणि त्या रिकाम्या ओंजळीत बघत विचारलं,
"थे कापसाची ओंजळ कोनाले जाते मंग?"

सूत्र फळ्यावर होतं.
मी ते पुन्हा एकदा वाचलं.

तिचा पेपर अजून माझ्या कपाटात आहे.
उरलेल्या अर्ध्या गुणाचं काय करायचं,
ठरत नाही.